पाळीचा कप : काही अनुभव, काही सूचना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



लोणच्या-पापडांवर बोलावयास सांगितले असते, तर मी निर्धास्त उभी राहिले असते. आजचा विषय आपण कुजबुजत बोलतो. परंतु घोटाळे त्या कुजबुजण्यानेच होतात. आपल्या आयांच्या घड्यांचेच पाहा ना! कापड वाईट नव्हते. ते उन्हाऐवजी परकराखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घालावे लागे, हे वाईट होते.

कप ही कालपरवाची वस्तू नव्हे. अमेरिकेत लिओना चाल्मर्स या बाईंनी १९३७ साली रबरी कपाचे पेटंट घेतले. आता तो बहुधा वैद्यकीय सिलिकॉनचा असतो, मऊ, घंटेसारखा. त्यात साधारण वीस ते तीस मिलिलिटर मावते. आपल्याला वाटते, घागर रिकामी झाली. पण बहुतेकींचे एका पाळीत एकूण तीस-चाळीस मिलिलिटरच जाते. कपावर खुणा असतील तर हे मोजता येते. ऐंशीच्या वर जात असेल, तर "अंगावर फार जाते" एवढे पुटपुटून गप्प न बसता डॉक्टरांकडे जावे.

पहिल्या दिवशी माझी फजिती झाली. घडी घालून कप बसवला, पण काढताना निघेना. मी शेपटी ओढते आहे, घामाघूम झाले आहे, आणि मनात एकच, की हा वर पोटात चढला! जाऊबाई दाराबाहेरून म्हणाल्या, "अगं, जाईल कुठे? वरचे तोंड केवढेसे असते! उकिडवी बस, श्वास सोड, आणि बूड चिमटीत दाब." दाबताच आत हवा शिरली नि कप सुटला. नुसती शेपटी ओढू नये, हे त्या दिवशी कळले. तांबी बसवलेली असेल, तर अशा ओढण्याने ती निसटू शकते. म्हणून तांबीवाल्यांनी, बाळंतिणींनी आणि अंग बाहेर येण्याचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावेच.

नखे कापलेली, हात साबणाने धुतलेले हवेत. कंपन्या बारा तास म्हणतात. मी आठ तासांनी रिकामा करते. कप आत असताना एकाएकी ताप, उलटी, चक्कर, अंगावर पुरळ आले, तर कप काढून ताबडतोब दवाखाना गाठावा. हे फार क्वचित होते, पण जिवावर बेतू शकते.

एक कप पुष्कळ वर्षे टिकतो, कचरा होत नाही, प्रवासात झोप लागते. मात्र हात बसायला दोन-तीन पाळ्या जातात, आणि नळ नसलेल्या संडासात पंचाईत होते. केरळात आलप्पुळा नगरपालिकेच्या योजनेत २०१९ साली पाच हजार कप फुकट वाटले, तेव्हा वापर समजावून सांगण्याचे कामही करावे लागले. अविवाहित मुलींचे विचाराल, तर त्यांना माहिती द्यावी आणि निर्णय त्यांचा त्यांना करू द्यावा. आईने लादूही नये, अडवूही नये.

आता उकळण्याविषयी. पाळीच्या आधी आणि नंतर कप बुडेल एवढ्या पाण्यात पाच-दहा मिनिटे उकळावयाचा. माझी भाची सासरी कित्येक महिने तो नुसता नळाखाली धूत होती. गॅसवर ठेवला तर सासूबाई विचारतील ना! मी तिला रागावले, आणि मग एक लहानसे दांड्याचे पातेले घेऊन दिले. सासूबाईंनी विचारलेच. तिने खरे ते सांगितले. दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पातेल्याच्या दांड्याला तांबडा दोरा बांधलेला दिसला. म्हणाल्या, "कुणी चुकून यात चहा टाकायला नको."

तसली पातेली बाजारात स्वस्त मिळतात. कुणाला काही विचारावयाचे असल्यास चहानंतर मी मागच्या खोलीत बसले आहे.