चित्रकलेचा तास
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज दोन शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली, तेव्हा आधी मी नाहीच म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढे चूल, मुले आणि शेत. चारचौघींसमोर उभे राहण्याचा प्रसंग कधी आला नाही. पण अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्ही शाळेत चित्रकलेच्या तासाला जाऊन बसता ना, तेवढेच सांगा." म्हणून तेवढेच सांगते. त्यात माझ्या हातून घडलेली एक चूक आहे. ती आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचे बोलायला मी मोकळी होईन.

माझा धाकटा तेव्हा तिसरीत होता. पंधरा ऑगस्टच्या निमित्ताने शाळेने चित्रांची स्पर्धा ठेवली होती. चित्र घरून काढून न्यायचे होते. विषय 'माझे गाव'. पोराने रात्री जेवण झाल्यावर कागद पसरला. मधोमध भली मोठी विहीर काढली, तिच्या चारी बाजूंना आडवी-उताणी माणसे काढली, आणि एक जांभळा बैल काढला. मी भांडी आवरून आले आणि म्हटले, "अरे, बैल कधी जांभळा असतो का? आणि ही माणसे विहिरीवर झोपली की काय?" त्याने खोडले, पुन्हा काढले, पुन्हा खोडले. कागद फाटला. मग मीच दुसरा कागद घेतला. दोन डोंगर, मधून वर येणारा सूर्य, खाली नदी, एक झोपडी, शेजारी नारळाचे झाड. त्याने नुसते रंग भरले. पहिला नंबर आला. कंपासपेटी मिळाली. मी शेजारीपाजारी पेढे वाटले.

त्यानंतर महिनाभर पोराने चित्राची वही उघडली नाही. उघडायला सांगितले की ती माझ्या पुढ्यात ठेवून म्हणे, "आई, तूच काढ. माझे चांगले नसते."

बायांनो, आपल्या या सपाट लातुरी मुलखात दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य कोणी पाहिला आहे? झोपडीशेजारचे नारळाचे झाड तरी कितीजणींच्या दारी आहे? ते चित्र मी माझ्या मोठ्या भावाच्या वहीत पाहिले होते, त्याने आणखी कोणाच्या. माझ्या पोराने मात्र आमचीच विहीर काढली होती.

सरकारी शाळांतून व्यवस्थापन समिती असते, हे आपणांस ठाऊक आहे. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. त्या निम्म्यांत माझे नाव होते. बैठकीनंतर मी वर्गाच्या बाईंना गाठले व झाले ते सांगितले. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "शनिवारी तासाला येऊन बसा. अट एकच. कोणाच्या कागदाला हात लावायचा नाही."

मी गेले. पहिल्या दिवशी बाईंनी पिशवीतून भेंड्या, कांदे आणि कारली काढली. आडवी कापली, पाण्यात रंग कालवला आणि मुलांना ठसे उमटवायला दिले. भेंडीचे फूल उमटते, कांद्याची वर्तुळे उमटतात. जी मुले 'मला येत नाही' म्हणून मागे बसत, तीही पुढे आली, कारण ठसा कोणाचा चुकत नाही. दुसऱ्या शनिवारी रंगात बुडवलेला दोरा घडी केलेल्या कागदात ठेवून ओढायचा होता. पोळ्याच्या आधी मातीचे बैल झाले. एकदा जुनी वर्तमानपत्रे फाडून चिकटवली. कात्री नाही, नुसती बोटे. वर्गात गलका, सांडलेले पाणी, फ्रॉकला पुसलेले हात. मला तर राहवेना, सारखी फडके घेऊन उठावेसे वाटे. बाई म्हणत, "तास संपला की मुलेच पुसतील." आणि खरोखरच पुसत.

विहिरीचे कोडेही तिथेच सुटले. बाईंनी सांगितले की लहान मूल डोळ्यांना दिसते तेवढेच काढीत नाही, त्याला ठाऊक आहे ते काढते. विहीर गोल आहे हे त्याला ठाऊक, म्हणून ती वरून पाहिल्यासारखी गोल. भोवती माणसे उभी आहेत हेही ठाऊक, म्हणून जो तो आपापल्या काठावर पाय टेकून, बाहेर डोके करून. आपल्याला ती निजलेली वाटतात. तसेच घराची भिंत काढूनही आतली चूल दाखवतात. जे मोठे वाटते ते मोठे काढतात. तीन-चार वर्षांचे मूल माणूस काढते तेव्हा डोक्यालाच हातपाय फुटतात. या साऱ्या पायऱ्या आहेत. दात पडून दुसरे येतात तसे हे आपोआप पुढे सरकते.

ते ऐकत असता मला माझी शाळा आठवली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी सातवीत होते. आमचे गाव त्याच पट्ट्यातले. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद. घरे जागच्या जागी बसली. आमची आजी गेली. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरू लागली. मी कोणाशी बोलत नव्हते. एके दिवशी गुरुजींनी कागद वाटले आणि म्हणाले, "वाटेल ते काढा." मी आमचे घर काढले, वाकड्या भिंतींचे. दारात एक बाई काढली, दारापेक्षा मोठी. गुरुजी शेजारी बसले. भिंतीबद्दल काही बोलले नाहीत. एवढेच विचारले, "ही कोण?" मी म्हटले, "आजी." आणि त्या दिवशी मी प्रथम रडले.

गुरुजींनी त्या वेळी माझ्या हातातली पेन्सिल घेऊन भिंत सरळ करून दिली असती, तर मी गप्पच राहिले असते. हे सारे माझ्याच बाबतीत घडलेले असून, एका कंपासपेटीपायी मी ते विसरले.

आता धाकट्याचे सांगते. दिवाळीनंतर एका शनिवारी त्याने तासाला चित्र काढले. आई भाकरी थापते आहे. आईचे डोके लिंबाएवढे आणि हात परातीएवढे! मुले हसली. माझेही बोट पुढे झाले होते, ते मी पदरात गुंडाळले. गुरुजींचे आठवून म्हटले, "सांग बरे, यात काय काय आहे?" तर म्हणाला, "तुझे हात आहेत. ते सारखे कामात असतात." ते चित्र आमच्या फडताळाच्या दाराला आतून चिकटवले आहे. त्याला बक्षीस मिळालेले नाही.

भगिनींनो, मी उपदेश करणारी कोण? पण तीन गोष्टी विनवते. पोराचे चित्र आपण काढून देऊ नये, मग नंबर येवो न येवो. 'हे काय काढलेस?' असे दरडावू नये; 'सांग बरे' म्हणावे आणि ऐकावे. आणि तिसरी गोष्ट समितीतल्या बायांसाठी. जिथे शंभरांहून अधिक मुले आहेत तिथे सहावी ते आठवीसाठी कलेच्या अर्धवेळ शिक्षकाची तरतूद त्याच कायद्यात आहे. धाकट्या वर्गांना तशी तरतूद नाही. तिथे वर्गाच्या बाईच सारे शिकवतात. परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला जातो. तेव्हा बैठकीत आपण विचारावे, "शनिवारचा तास झाला का? कागदाला पैसे आहेत का?" विचारायला सातवी पुरते.

आपल्याला कलेतले काय कळते, असे कोणी म्हणू नये. वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहायचा मान सवाष्णींचा असतो. त्या कोणत्या शाळेत गेल्या होत्या? आपणही सकाळी दारात ठिपके मांडतो तेव्हा कोणाला विचारून मांडीत नाही. तेवढी मोकळीक आपल्या लेकरांना द्यावी, एवढेच माझे मागणे.