बाटलीवरची बारीक अक्षरं

कवीला रेडिओवर बोलावलं की त्याने पावसावर नाहीतर आईवर बोलावं, अशी अपेक्षा असते. मी आज ट्रकच्या डिझेलवर बोलणार आहे. छापील कविता फार नंतरची. माझ्या पहिल्या ओळी पेंटरने ट्रकच्या फाळक्यावर रंगवल्या होत्या आणि तो ट्रक माझ्या थोरल्या भावाचा होता.

१९९४ ची गोष्ट. बी.ए. होऊन मी मालेगावात भाईजानच्या गाडीचा हिशेब लिहीत होतो. जुनी सहाचाकी गाडी, कर्जावर घेतलेली. जाताना वाशीच्या बाजाराला कांदा, येताना भिवंडीहून मागवालांसाठी सूत. त्या उन्हाळ्यात गाडी काळा धूर ओकायला लागली. चढाला ओढेना, अ‍ॅव्हरेज पडलं. अशातच कुणीतरी भाईजानच्या हाती एक बाटली दिली. डिझेलमध्ये ओतायची, इंजिन आतून लख्ख. लेबल सगळं इंग्रजीत आणि घरात इंग्रजी वाचणारा मी एकटा.

‘‘छोटे, पढ के बता, कितना डालना है?’’

मी मोठी अक्षरं वाचली. इंजिन साफ, धूर कमी, ताकद जास्त. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत बरंच काही होतं, ते वाचायचा मला कंटाळा आला. मी म्हटलं, ‘‘पूरी डाल दो भाईजान.’’

पुढचं भाईजानने सांगितलेलं सांगतो, कारण मी घरी झोपलो होतो. सूत भरून गाडी रात्री कसारा घाट चढत होती. अर्ध्या घाटात इंजिन अडखळायला लागलं, दोन-तीन आचके दिले आणि बंद पडलं. भरलेली गाडी, उभा चढ, मागून वाहनं येताहेत. क्लीनर पोरगा उडी मारून उतरला आणि मागच्या चाकाला दगड लावायला धावला. दगड लावताना गाडी हातभर मागे सरली. पोराच्या डाव्या पायाची दोन बोटं दगड आणि चाकाच्या मध्ये सापडली. ती काढावी लागली. तो तेव्हा अठराचाही नव्हता.

दोन दिवसांनी गाडी ओढून आणली. आमचे मिस्त्री, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत, त्यांनी डिझेलचे फिल्टर खोलले. त्या गाड्यांना दोन असायचे, आधी कापडाचा, मग कागदाचा. दोन्हींत डांबरासारखा काळा चिखल. उस्तादांनी मला जवळ बोलावून दाखवला. ‘‘बरसों का मैल एकदम छुडाया. जायेगा कहाँ?’’

बाटली खोटी नव्हती, हे मला तेव्हा कळलं. तिने तिचं काम केलं होतं. अशा द्रव्यात साबणाच्या जातीचा पदार्थ असतो. नोझलच्या केसाएवढ्या भोकांवर जळका थर बसतो, तो थर हळूहळू सोडवणं आणि पुन्हा बसू न देणं हे त्याचं काम. पण नोझल येतं सगळ्यात शेवटी. त्याआधी टाकी आहे. आमच्या टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ होता, तो सुटला आणि फिल्टरमध्ये जाऊन बसला. डिझेल पुढे जाईना. बारीक अक्षरांत हेच लिहिलेलं होतं: टाकी जुनी असेल तर आधी साफ करा, इतक्या लिटरला इतकीच टोपणं टाका, फिल्टर लवकर बदला. ती बाटली मी बरीच वर्षं जपून ठेवली होती.

आणि काळा धूर? तो वेगळ्याच दोन कारणांनी होता. काळा धूर म्हणजे नीट न जळलेलं डिझेल. जळायला हवा पुरली नाही, किंवा डिझेलचा बारीक फवारा झाला नाही, की धूर काळा होतो. उस्तादांनी एअर फिल्टर उघडला. त्याच्या वाटीतल्या तेलाची धुळीने खीर झाली होती. नोझल पंपवाल्याकडे नेले. त्याने एकेक तपासणीच्या यंत्रावर चढवून दांडा मारला. चांगल्या नोझलमधून धुकं निघतं, पहाटे गिरणेवर दिसतं तसं. आमच्या दोन नोझलांतून थेंब गळत होते. टोकं इतकी झिजली होती की कुठल्याही बाटलीने ती पूर्ववत झाली नसती.

ती का झिजली, याचं उत्तर माझ्याच हिशेबाच्या वहीत होतं. हायवेवर काही ठिकाणी पिंपातलं डिझेल पंपापेक्षा स्वस्त मिळायचं. लिटरमागे किती वाचले ते मी लाल शाईने लिहायचो आणि वर मिरवायचो. त्यात रॉकेल असायचं. डिझेल हे नुसतं जळण नाही. पंपाच्या आणि नोझलच्या घासणाऱ्या भागांना तेच वंगण असतं. रॉकेल पातळ, त्याला ओशटपणा कमी. धातूवर धातू घासत राहतो. गाळही त्या गंजक्या पिंपांतूनच आला होता.

आमच्या भागात या भेसळीची किंमत याहून फार मोठी मोजली गेली आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ तेलाची भेसळ करणाऱ्यांना हटकलं आणि त्यांना जिवंत जाळण्यात आलं. बातमी ऐकली त्या संध्याकाळी मला ती लाल शाई आठवली. विकणारे गुन्हेगार होतेच, पण विकत घेणाऱ्यांच्या वह्या कुणी तपासल्या नाहीत.

आता डिझेल पुष्कळ बदललं आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं, त्यात दहा लाख भागांत गंधक जास्तीत जास्त १० भाग. गंधक काढताना डिझेलचा ओशटपणाही जातो, म्हणून वंगण वाढवणारं द्रव्य आधीच मिसळलेलं असतं. म्हणजे बाटलीचं एक काम पंपावर पोहोचण्याआधीच झालेलं असतं. शिवाय आताच्या इंजिनात नोझलवरचा दाब १५०० बारच्या पुढे असतो. आमच्या गाडीत तो २०० च्या आसपास असायचा. इतक्या दाबाला पाण्याचा थेंबसुद्धा महागात पडतो. पाणी येतं कुठून? रिकाम्या टाकीत रात्री हवेला दव धरतं, म्हणून जुने ड्रायव्हर संध्याकाळीच टाकी भरून ठेवतात.

एक घोटाळा मात्र नवा आहे. नव्या गाड्यांना निळ्या टोपणाची दुसरी टाकी असते. तिच्यात युरियाचं पाणी घालतात. पुष्कळ पोरांना ते इंजिन साफ करायचं औषध वाटतं. ते इंजिनात जातच नाही. सायलेन्सरच्या वाटेवर धुरातला विषारी वायू मारायला फवारलं जातं. ते चुकून डिझेलच्या टाकीत पडलं तर पंपापासून नोझलपर्यंत सगळ्याची वाट लागते. धुराच्या वाटेवर काजळी धरणारी जाळीही असते. ज्या द्रव्यात धातूचा अंश असतो, त्याची राख त्या जाळीत बसते आणि राख काही पुन्हा जळत नाही. तेव्हा गाडी बनवणाऱ्याने ज्याला परवानगी दिली आहे, तेवढंच टाकावं.

आमचा तो क्लीनर आज दोन गाड्यांचा मालक आहे. ‘क्लीनर’ हा शब्द आपण किती सहज वापरतो. त्याने तो फार मनावर घेतला असावा. मागच्या महिन्यात पहाटे त्याच्या अड्ड्यावर गेलो होतो. डाव्या पायाने किंचित लंगडत तो एकेका गाडीखाली वाकत होता, फिल्टरखालचा नळ सोडून पाणी बाटलीत काढत होता, उजेडाला धरून बघत होता. त्याच्या एका ड्रायव्हरने कुठूनशी आणलेली नवी बाटली पुढे केली. त्याने ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि माझ्याकडे दिली.

‘‘पढो, चाचा,’’ तो म्हणाला, ‘‘इस बार नीचेवाला भी.’’

मी खिशातला चष्मा काढला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)