चार खुणा आणि एक ओळ

माझी मुलगी पुण्यात संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. गेल्या ईदला वाशिमला आली ती लॅपटॉप उघडूनच बसली. नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्यानं लिहिलेली एक ओळ तिला उलगडत नव्हती. मी म्हणालो, "एका ओळीला तीन दिवस?" ती म्हणाली, "अब्बा, तुमच्या शेराला लागतात ना!"

त्या भाषेचं नाव 'जे'. केनेथ आयव्हर्सन या कॅनेडियन गणितज्ञाचं 'एपीएल' भाषेचं पुस्तक १९६२ सालचं; 'जे' हे तिचं १९९०चं धाकटं भावंड. आकड्यांच्या अख्ख्या रांगेवर एका खुणेनं काम करायचं, ही तिची रीत. अधिक, तिरकी रेघ, टक्क्याचं चिन्ह, हॅश. एवढ्यात सरासरी निघते. अधिक-रेघ म्हणजे सगळ्यांची बेरीज, टक्का म्हणजे भागिले, हॅश म्हणजे आकडे किती. हिशेब उजवीकडून. 'तीन गुणिले दोन अधिक एक' याचं उत्तर शाळेत सात, तिथे नऊ. उर्दू वाचणाऱ्या मला ती दिशा ओळखीची वाटली.

या चार खुणा जाणकार म्हणीसारख्या एका नजरेत वाचतो. तेव्हा दोष थोडक्यात लिहिण्याचा नाही. सहकाऱ्यानं अशा दहा गोष्टी एकीत एक कोंबल्या. मधल्या पायरीला नाव नाही, शेजारी टीप नाही. मुलीनं ओळीचे पाच तुकडे केले, प्रत्येकाला नाव दिलं. तेव्हा चूक दिसली: सुटीच्या दिवसांची शून्यंही सरासरीत मोजली जात होती.

आपलं वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. राजशेखरानं 'कर्पूरमंजरी'त जिला 'वच्छोमी' म्हटलं, ती वैदर्भी रीती याच गावाच्या नावानं ओळखली गेली. दंडीनं वैदर्भी मार्गाचे दहा गुण सांगितले. त्यांत प्रसाद आहे, म्हणजे वाचताच अर्थ उमगणं. लेखनशैलीला नाव देणाऱ्या गावात राहून मी मात्र वर्षानुवर्षं दुर्बोध लिहीत आलो.

अम्मीवर लिहिलेली कविता मी तिला वाचून दाखवली होती. ती म्हणाली, "समजली नाही रे, पण माझ्यावरच असेल." मी तेव्हा हसलो होतो. आज अम्मी नाही. मुलगी परत गेल्यावर ती कविता काढली. एकच ओळ वाढवली, तिच्या हातच्या ज्वारीच्या भाकरीची. आता ती अम्मीला समजली असती.