परक्या विमानांतील पाहुणा वैमानिक

वसमत किंवा हिंगोलीच्या बाजारांतून हळदीचीं पोतीं भरलेला ट्रक रात्रीं निघतो, तेव्हां चालकाच्या शेजारीं कधीं कधीं दुसराहि एक चालक बसलेला असतो. त्या दिवशीं त्याच्या हातीं स्टेअरिंग नसतें. तो आपल्या गांवीं निघालेला असतो, किंवा दुसरी गाडी आणावयास. असा माणूस गिअर कोणता टाकावा हें शिकवूं लागला, कीं गाडी हाकणाराचें डोकें फिरतें. आणि तो घोरूं लागला, कीं हाकणाराच्याहि डोळ्यांवर झांपड येते. हिंगोली जिल्ह्याला स्वतःचा विमानतळ नाहीं, जवळचा तो नांदेडचा. तथापि मालवाहू विमानांतून पाहुणा म्हणून जाणाऱ्या वैमानिकाची अडचण या जिल्ह्यांतील ट्रकवाल्यास चटकन् कळेल.

माल व टपाल वाहणारीं विमानें महाराष्ट्राला नवीं नाहींत. 1949 च्या जानेवारींत रात्रीची हवाई टपाल-योजना सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीं नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई, आणि तीं परत फिरत. पुढें ती योजना बंद पडली. आजच्या मालवाहू विमानांत चालकांच्या पाठीमागें एखादें जादा आसन असतें. वैमानिक त्याला जम्पसीट म्हणतात. घर एका शहरीं आणि कामगिरी दुसऱ्या शहरीं असलेले वैमानिक त्यावर बसून जातात. अमेरिकेंत हा प्रघात फार. हिंदुस्थानांत कॉकपिटांतील प्रवेश मोजक्या अधिकृत व्यक्तींनाच मिळतो.

उतारूच नाहींत, मग पोषाखाची एवढी चिंता कशाला, असें कोणी विचारील. कारण सौंदर्याचें नाहीं. अशा विमानांतून संकटाच्या वेळीं बाहेर पडावयाचें तें बहुधा खिडकींतून, दोराला धरून. तेथें चपला, अर्धी विजार किंवा लोंबता अंगरखा काय कामाचा? बंद बूट, लांब विजार व साधा स्वच्छ सदरा हाच खरा पोषाख. बरोबर एखादा गरम कपडा असावा. उग्र अत्तर मात्र नसावें, कारण त्या लहानशा खोलींत तें सर्वांनाच सोसावें लागतें.

पोषाखाहूनहि महत्त्वाची परवानगी. कचेरीनें नांव लिहून घेतलें म्हणजे काम झालें असें नव्हे; पाहुण्यानें स्वतः कप्तानाकडे जाऊन परवाना व ओळखपत्र दाखवावें आणि बसूं का, असें विचारावें. कप्तान नाहीं म्हणाला तर रुसूं नये. त्याच्या सावधपणाला आधार आहे. 7 एप्रिल 1994 रोजीं मेंफिसहून निघालेल्या फेडेक्सच्या मालवाहू विमानांत अशाच आसनाचा लाभ घेऊन बसलेल्या त्याच कंपनीच्या एका कर्मचाऱ्यानें हातोड्यांनीं तिघां वैमानिकांवर हल्ला केला. रक्तबंबाळ अवस्थेंत त्यांनीं त्याला आवरलें व विमान परत उतरविलें. पण त्यांतील एकालाहि पुन्हां व्यावसायिक उड्डाण करतां आलें नाहीं.

आतां बोलण्याविषयीं. 1974 सालीं अमेरिकेंत शार्लट येथें उतरतांना एक उतारूंचें विमान कोसळून सत्तराहून अधिक माणसें दगावलीं. चालक तेव्हां राजकारणाच्या व जुन्या मोटारींच्या गप्पांत होते. त्यानंतर 1981 सालीं नियम झाला, कीं दहा हजार फुटांच्या खालीं कामाखेरीज शब्द काढावयाचा नाहीं. तो मुख्यतः चालकांसाठीं आहे. पण पाहुण्यानें गप्पा काढून त्यांना तो मोडावयास लावणें हा उद्धटपणाच. मात्र समोरून दुसरें विमान येत आहे किंवा कांहीं निसटत आहे असें त्याला दिसलें, तर त्यानें तात्काळ सांगावें. तेथें भीड ठेवणें म्हणजे सभ्यता नव्हे. पुष्कळ नवखे नेमके येथेंच चुकतात.

एरवीं कप्तानाला विचारल्याशिवाय झोंपूं नये, छायाचित्र काढूं नये, कळींना हात लावूं नये. चाकें जमिनीला टेकलीं म्हणून पट्टा सोडून उठूं नये. इंजिनें थांबून तपासणीची यादी पुरी होईपर्यंत बसून राहावें, मग आपला कागद-पेला उचलावा, दोघांचेहि आभार मानावे आणि आपली पिशवी आपणच घेऊन शिडी उतरावी.