नाईलकाठची राबणारी माणसे

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून पुढच्या रांगेतल्या एका आजींनी आम्हाला विचारले, "बाळा, इजिप्तचं आपल्याला काय?" प्रश्न रास्त आहे. सम्राट अशोकांच्या तेराव्या शिलालेखात 'तुरमय' राजाचे नाव आहे. तो म्हणजे इजिप्तचा दुसरा टॉलेमी. धम्माचा निरोप त्या देशापर्यंत गेला, असे अशोकांनी सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरून ठेवले. पण आम्हाला बोलायचे आहे ते त्याच्याही आधीच्या इजिप्तबद्दल.

त्या समाजाची उतरंड पिरॅमिडसारखीच होती. टोकावर राजा, म्हणजे फॅरो. त्याला देवाच्या जागी मानत. त्याच्याखाली वजीर, सरदार, बडे पुरोहित. मग लेखनिक. मग सैनिक आणि कारागीर. तळाला शेतकरी, आणि त्याच्याही खाली युद्धात पकडून आणलेले गुलाम. सगळ्यांचे पोट भरणारा शेतकरीच, पण नाईलचा पूर ओसरला की पेरायचे, पिकले की लेखनिक माप घेऊन दारात हजर. सारा थकला तर काठी पाठीवर. मेन्ना नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात असा मार खाणारा शेतकरी भिंतीवर रंगवलेला आहे. शिवाय राजाच्या कामावर वेठ होतीच.

मेल्यावर तरी सुटका? तीही नाही. परलोकातसुद्धा शेतात राबावे लागेल, अशी त्यांची समजूत. म्हणून श्रीमंत लोक आपल्या बदली राबायला लहान लहान बाहुल्या थडग्यात ठेवत. तुतनखामेन राजाच्या थडग्यात अशा ४१३ सापडल्या. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक, अशा ३६५ मजूर बाहुल्या आणि दर दहा मजुरांवर एक, असे ३६ मुकादम. वर आणखी १२ महिन्यांचे १२ मुकादम. बघा, माणसाने परलोकाची कल्पना केली तरी तिथे मुकादम नेलाच!

मग जन्माने सगळे ठरलेलेच होते का? तसेही नाही. सेनेनमुत हा साध्या घरातला मुलगा. पुढे तो हत्शेप्सुत राणीचा सर्वांत मोठा कारभारी झाला. वर चढायची शिडी एकच होती, अक्षर. परंतु ती फार थोड्यांना मिळे, आणि बहुधा बापाची जागा मुलालाच जाई. पुढे इ.स.पू. पाचव्या शतकात हेरोडोटस हा ग्रीक लेखक तिथे गेला. त्याने लिहिले आहे की, डुकरे राखणाऱ्यांना देवळात पाऊल ठेवू देत नसत आणि त्यांच्याशी सोयरीकही कुणी करत नसे. हे आपल्याला समजावून सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. आजच्या लक्सर शहरासमोर, नाईलच्या पश्चिम बाजूला देर अल-मदिना नावाच्या ठिकाणी कामगारांची वस्ती होती. गावकुसाच्या आत सत्तरेक घरे. ही माणसे राजांची थडगी खोदत आणि रंगवत. पगार धान्यात मिळे. कामगाराला महिन्याला साडेपाच पोती, मुकादमाला साडेसात. या वस्तीत लिहिता-वाचता येणारे पुष्कळ होते. कामावर कोण का आला नाही, याची हजेरीसुद्धा दगडाच्या चिपेवर सापडली आहे. एकाला विंचू चावला, कुणी आजारी, कुणी घरच्या मयताला गेलेला. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीची माणसे, पण वाटते आपल्या चाळीतलीच!

तिसऱ्या रामेसिसच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ११५७च्या सुमारास, धान्य यायचे थांबले. महिन्याचे बरेच दिवस गेले, घरात दाणा नाही. तेव्हा या कामगारांनी काम टाकले, चौक्या ओलांडल्या आणि राजाच्या देवळामागे जाऊन बसले. त्यांचे म्हणणे सरळ होते. भुकेने आणि तहानेने इथे आलो आहोत. अंगाला कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही. हे राजाला कळवा. अधिकाऱ्यांनी गोड बोलून पाहिले, माणसे हटली नाहीत. शेवटी धान्य द्यावेच लागले. पुढेही पगार रखडला की ते पुन्हा बसत. जगाच्या इतिहासात नोंद असलेला हा पहिला संप. तो कागद आज इटलीतील तुरीन शहराच्या संग्रहालयात आहे.

बंधू-भगिनींनो, भूक काय फक्त त्या सत्तर घरांतच होती? त्यांना पाणी वाहून आणणारे, त्यांचे कपडे धुणारे, त्यांच्यासाठी धान्य पिकवणारे यांचे काय हाल झाले असतील? त्यांनी स्वतः लिहिलेले काहीच आपल्या हाती नाही. त्यांना अक्षर नव्हते. ज्यांना होते, त्यांची भूक आजही बोलते.

म्हणून त्या आजींना आमचे उत्तर असे : इजिप्तचे आपल्याला एवढेच, की राबणाऱ्याने आपली हकीकत लिहून ठेवली पाहिजे. आपल्या वस्तीतल्या आजी-आजोबांनी कुठे काम केले, किती मजुरी मिळाली, मुलांना कसे शिकवले, हे घरातल्या मुलामुलींनी आज रात्रीच वहीत उतरवायला घ्यावे. दुसरे कुणी ते लिहिणार नाही.

आमचे दोन शब्द इथेच संपवतो. जयभीम! नमो बुद्धाय!