हरवलेले महिने : बायपोलर विकारातील स्मृती आणि काळाचे भान



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, संतवाङ्मय, राजकारण हे विषय श्रोत्यांच्या सरावाचे असतात. मनाच्या विकारावर बोलू, असे आम्ही चालकांना कळविले तेव्हा त्यांच्यापैकी एकाने हलकेच विचारले, "लोक बसतील का?" लोक बसले आहेत, हे पाहून आम्हांला बरे वाटते. विषय घराघरांतला आहे. पण तो दार लोटून घेऊन बोलला जातो. २०१५-१६ साली देशात राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी झाली. तीत दर २०० प्रौढांमागे सुमारे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा हा विकार झालेला आढळला. आष्ट्याची वस्ती ३५ हजारांच्या वर आहे. तेच प्रमाण येथे धरले तर अशी माणसे आपल्या गावातच शंभरावर निघतील, आणि त्या प्रत्येकाच्या घरी सोसणारी आणखी चार माणसे.

या विकाराला आज डॉक्टर बायपोलर म्हणतात. जर्मनीतील क्रेपेलिन या वैद्याने १८९९ साली त्याला उन्माद आणि विषाद या दोहोंचे मिळून एक नाव दिले होते, आणि आमच्या मते ते नाव अधिक बोलके होते. काही आठवडे वा महिने माणूस चढतो. झोप लागत नाही आणि लागावीशी वाटतही नाही, बोलणे थांबत नाही, पैसा पाण्यासारखा जातो. मग केव्हा तरी तोच माणूस उतरतो आणि अंथरुणातून उठणे त्याला डोंगर चढण्यासारखे होते. मधल्या काळात तो तुमच्याआमच्यासारखाच असतो. इतके बहुतेकांना ऐकून ठाऊक असते. आम्हांला आज बोलावयाचे आहे ते त्याच्या मागे राहणाऱ्या एका गोष्टीविषयी. चढउतार ओसरल्यावर त्या माणसाला मधले महिने आठवत नाहीत, आणि जे आठवतात ते कालचे की वर्षापूर्वीचे हे सांगता येत नाही. घरातली भांडणे पुष्कळदा विकारापेक्षा या विसरण्यावरून होतात.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात असे झाले. थोरल्या भावाने चढत्या काळात, कोणालाही न विचारता, मळ्याच्या एका तुकड्याचा इसार घेतला आणि साठेखतावर सही केली. दुकानातून माल उधारीवर उचलला, तो कोणाकोणाला वाटून टाकला. पुढे चार महिन्यांनी औषधाने मन ठिकाणावर आले. धाकट्याने कागद पुढे ठेवला, तेव्हा थोरला म्हणाला, "सही माझी आहे, पण मी ती केलेली मला आठवत नाही." धाकट्याने उत्तर दिले, "दादा, सोंग पुरे झालं." वहिनी मध्ये पडल्या, "अहो भावजी, त्यांना खरंच आठवत नाही," म्हणून सांगू लागल्या, तर त्यांनाही सामील धरण्यात आले. दोन्ही भाऊ भले. पण आठवण म्हणजे काय, ती कशी ठरते, कशी सुटते, हे त्यांच्यापैकी कोणाला कधी कोणी सांगितलेले नव्हते.

तेव्हा प्रथम आपण सारे काळ कसा मोजतो ते पाहू. घड्याळ आणि दिनदर्शिका भिंतीवर असते; मनात ती नसते. मनात खुंट्या असतात. आपल्या भागातली वडीलधारी माणसे कोणतीही गोष्ट सांगताना "भूकंपाच्या साली" म्हणतात, म्हणजे १९६७ च्या डिसेंबरातला कोयनेचा भूकंप. "दुष्काळात" म्हणतात, म्हणजे १९७२. तरुणांच्या खुंट्या वेगळ्या : कृष्णेचा २००५ चा महापूर, २०१९ चा, २०२१ चा. मुलगी पुराच्या आधी झाली की नंतर, घर कोणत्या पुरानंतर बांधले, हे आपण क्षणात सांगतो. आता कल्पना करा की ज्याच्या मनातून २०१९ चा ऑगस्टच निसटला आहे, त्याची काय गत होत असेल. गाव पुराच्या गोष्टी सांगते, हा ऐकतो. ऐकलेले आणि पाहिलेले यांची त्याच्या मनात सरमिसळ होते. खुंटीच नाही, तेव्हा तिच्यावर टांगलेले सारे खाली पडलेले.

विषादाच्या दिवसांत काळ सरत नाही. सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंतचा अवधी वर्षासारखा वाटतो, असे ही माणसे सांगतात. यावर शास्त्रज्ञांनी पुष्कळ प्रयोग केले आहेत. २०१५ साली अशा अनेक प्रयोगांची फळे एकत्र करून पाहिली, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. खिन्न माणसाला काळ संथ वाहतो असे खरोखरच वाटते. पण अमुक अवधी किती सेकंदांचा होता हे विचारले, तर तो साधारण इतरांइतकेच बरोबर सांगतो. त्याच्या आतले घड्याळ बिघडलेले नसते. वाहण्याची जाणीव बदललेली असते. उन्मादात उलट होते. काळ धावतो, दहा कामे एकाच वेळी हाती असतात आणि रात्र केव्हा उजाडली ते कळत नाही.

पण खरी मौज, मौज हा शब्द येथे निर्दय आहे, पुढेच आहे. जगताना लांबच लांब वाटलेले विषादाचे तीन महिने मागे वळून पाहिले की आखूड दिसतात. विल्यम जेम्सने १८९० सालीच लिहून ठेवले आहे की, रिकामा काळ जाताना लांब आणि आठवताना आखूड असतो. सर्व दिवस एकसारखे. छताकडे पाहत घालविलेल्या दिवसाला कोणती खुंटी असणार? म्हणून असा माणूस बरा झाल्यावर विचारतो, "दिवाळी होऊन गेली?" आपण हसतो. तो थट्टेने विचारीत नसतो.

उन्मादातले विसरणे निराळे. तेथे घटनांची गर्दी असते, पण नोंदणारा कारकून जागेवर नसतो. लक्ष एका गोष्टीवर क्षणभरही ठरत नाही, आणि ज्यावर लक्ष ठरले नाही ते स्मृतीत उमटत नाही. त्यातच झोप गेलेली. दिवसभरात जे पाहिले-ऐकले ते पक्के करण्याचे काम मेंदू पुष्कळसे झोपेत करतो. आठ-आठ रात्री दोन तास झोपणाऱ्याचे ते काम तुंबून राहते. शिवाय जे उमटले तेही हवे तेव्हा हाती लागत नाही. १९७७ साली अमेरिकेत या विकाराच्या रोग्यांवर एक प्रयोग झाला. मन एका अवस्थेत असताना त्यांनी शब्दांच्या ज्या जोड्या लावल्या, त्या मन पुन्हा त्याच अवस्थेत आल्यावर त्यांना अधिक आठवल्या. चढत्या काळातले चढत्या काळात आठवते. म्हणूनच पुढच्या खेपेला तो माणूस मागच्या खेपेचा शब्दन् शब्द बोलून दाखवितो, आणि घरचे म्हणतात, "बघा, सगळं आठवतंय की!"

आणखी एक लहानसे दिसणारे पण घर पोखरणारे लक्षण आहे. खिन्न माणसाला "आपल्या लग्नाच्या दिवशी काय झालं, सांग" म्हटले, तर तो "झालं लग्न, सगळे आले होते" एवढेच सांगतो. एक विशिष्ट दिवस, एक विशिष्ट प्रसंग त्याच्या हाती येत नाही. सगळे ढोबळ होऊन येते. बायकोला वाटते, याला आपली किंमत नाही.

चरकाने उन्मादाची व्याख्या करताना मन, बुद्धी, शील, आचार अशा आठ गोष्टींचा विभ्रम सांगितला आहे, आणि त्या आठांत स्मृतीही आहे. आज आपण रोग्याचे हसणे-रडणे तेवढे पाहतो. मन स्थिर असताना तपासले तरी यांच्यापैकी पुष्कळांची शब्द लक्षात ठेवण्याची आणि लक्ष एकवटण्याची शक्ती काहीशी उणी आढळते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसून आले आहे. सर्वांची नाही, आणि सारखी नाही.

औषधांविषयी बोलणे भाग आहे, कारण "गोळ्यांनी डोकं गेलं" ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. ती सर्वस्वी खोटी नाही. १९४९ साली ऑस्ट्रेलियातील जॉन केड या डॉक्टराने उन्मादाच्या १० रोग्यांना लिथियमचा क्षार देऊन पाहिला. महायुद्धात जपान्यांच्या कैदेत तीन वर्षे काढून आलेला हा गृहस्थ. हाताशी मोठी प्रयोगशाळा नाही. पुढे हजारो माणसे या क्षाराने उभी राहिली, आणि आत्महत्या टाळण्याच्या बाबतीत त्याचे नाव आजही पहिल्या ओळीत घेतले जाते. त्याने काहींना मंदपणा येतो, शब्द चटकन सुचत नाही. काहींच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथी त्याने मंदावते आणि विसरभोळेपणा खरा तिच्यामुळे वाढतो. रक्त तपासले की कळते आणि त्यावर उपायही आहे. तेव्हा विसर पडतो हे डॉक्टरांना सांगावे. गोळी आपल्या मनाने सोडणे हा त्यावरचा उपाय नव्हे. सोडणाऱ्यांचा विकार उलटतो आणि आणखी काही महिने हरवतात.

आता उन्हाळा आहे म्हणून एक गोष्ट विसरू नका. लिथियमचे रक्तातले प्रमाण फार अरुंद पट्ट्यात राखावे लागते; साधारण ०.६ ते १ च्या मध्ये ते असावे, आणि १.५ च्या वर ते विष होऊ लागते. अंगातले पाणी आणि मीठ घटले की हे प्रमाण चढते. वैशाखात उसाच्या फडात घाम गाळणारा, पंढरीच्या वाटेवर चालणारा, जुलाबाने आजारी पडलेला, निर्जळी उपास करणारा अशा सर्वांना हा धोका आहे. अंगदुखीवर दुकानातून आणलेल्या काही गोळ्यांनीही, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या, तेच होते. हात जोराने थरथरू लागले, पाय लटपटले, जीभ जड झाली, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागला, तर हा "पुन्हा झटका आला" असे समजून बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

विजेच्या उपचाराविषयीही गावात पुष्कळ भीती आहे. १९३८ साली इटलीत तो निघाला. अतितीव्र विषादात तो जीव वाचवितो, हे खरे. त्याने उपचाराच्या आधीच्या आठवड्यांतल्या, कधी महिन्यांतल्या आठवणी पुसट होतात आणि काही परत येत नाहीत, हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी रोग्याला आधी सांगितल्या पाहिजेत. भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्यावाचून हा उपचार करण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बंदी आहे.

त्या साठेखताकडे पुन्हा येऊ. १८७२ च्या करार कायद्याचे १२ वे कलम म्हणते की, जो माणूस एरवी शहाणा आहे पण मधूनमधून ज्याचे मन ठिकाणावर नसते, त्याला तशा वेळी करार करता येत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या या कलमात आमच्या थोरल्या भावाचे चित्र जसेच्या तसे आहे. पण मन ठिकाणावर नव्हते हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. आणि ज्याने सिद्ध करावयाचे त्याला तर आठवतच नाही! तेथे तारखेसह असलेले डॉक्टरांचे कागद उपयोगी पडतात. त्या कुटुंबात ते कागद वहिनींनी पिठाच्या डब्यामागे जपून ठेवले होते. घेणाऱ्याने ते पाहिले, इसार परत घेतला आणि कागद फाडला. सगळेच घेणारे असे समजूतदार नसतात.

तेव्हापासून त्या घरात एक वही आहे. साधी, दोनशे पानी. रोज दोन ओळी : तारीख, झोप किती तास, घरात काय झाले, कोण आले, काय घेतले-दिले, गोळी घेतली की नाही. मन बरे असताना थोरला स्वतः लिहितो, नसताना वहिनी लिहितात. आरंभी धाकटा तिला चोपडी म्हणून हिणवीत असे; आता मागच्या वर्षी मोटार कधी दुरुस्त केली ते पाहावयाला तोच ती मागतो. झोपेचे तास सलग तीन दिवस घसरले की मिरजेला जाण्याची वेळ आली, हे आता घरातल्या पोरालाही कळते. आणखी एक नियम वहिनींनी घातला आहे, तो आम्हांला फार मोलाचा वाटतो. दादा बरे झाल्याबरोबर हरवलेले सगळे महिने त्यांच्यापुढे वाचावयाचे नाहीत. त्यांनी विचारले तेवढेच, त्यांनी विचारले तेव्हाच. केल्याची आठवण नाही आणि लाज मात्र पुरी, हे एकदम अंगावर आले तर उतार पुन्हा सुरू होतो.

मुंबईच्या माहीम भागातल्या एका गोवेकर कुटुंबावर जेरी पिंटो यांनी २०१२ साली इंग्रजीत कादंबरी लिहिली. स्वतःच्या आईच्या याच आजाराचा अनुभव तिच्यामागे आहे. शांता गोखले यांनी ती 'एम आणि हूमराव' या नावाने मराठीत आणली. तीत मुलगा आईची जुनी पत्रे, टिपणे आणि तिचे आडवेतिडवे बोलणे जुळवून तिचे आयुष्य समजून घेऊ पाहतो. ती जरूर वाचा. घरात एक जण तरी असा जुळवणारा लागतो.

२०१७ च्या त्याच कायद्याने आणखी एक सोय केली आहे, ती फार थोड्यांना ठाऊक आहे. मन शांत असताना माणूस आगाऊ लिहून ठेवू शकतो की, मी पुन्हा आजारी पडलो तर माझ्यावर कसे उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत, आणि माझ्या वतीने कोणी बोलावे. म्हणजे आज ज्याला आठवते आहे त्याने, उद्या ज्याला आठवणार नाही त्याच्यासाठी लिहिलेले हे पत्र. त्या वहीच्या पहिल्या पानावर आता दादांच्या अक्षरात असे पत्र आहे. त्यात एक ओळ अशी की, माझ्या सहीचे कागद त्या काळात धाकट्याने ठेवावेत.

सांगलीच्या आणि मिरजेच्या सरकारी रुग्णालयांत मानसोपचाराची सोय आहे. १४४१६ या क्रमांकावर सरकारी टेलिमानस सेवा आहे. तेथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. आम्ही डॉक्टर नव्हे, तेव्हा औषधाच्या मात्रेविषयीचे प्रश्न आम्हांला विचारू नयेत. बाकी काही विचारावयाचे असेल त्यांनी चिठ्ठी लिहून पुढे पाठवावी. खाली नाव घालण्याचे कारण नाही.