निर्जंतुक हात आणि संगणकाचा पडदा



घरातील एखाद्या व्यक्तीला शस्त्रक्रियेसाठी आत नेले जाते, दार बंद होते, वरचा लाल दिवा लागतो आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या कुटुंबाच्या हाती केवळ वाट पाहणे उरते. हा प्रसंग बहुतेक घरांनी अनुभवलेला आहे. त्या बंद दाराआड शल्यविशारदासमोर एक विलक्षण अडचण उभी असते. तिची कल्पना बाहेरच्यांना सहसा नसते. रुग्णाच्या शरीराची अंतर्बाह्य चित्रे संगणकात असतात, तो संगणक चार पावलांवर असतो, परंतु शल्यविशारदाला त्याला हात लावता येत नाही.

हा निर्बंध सहजासहजी आलेला नाही. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये जंतुनाशक शस्त्रक्रियेचा विचार मांडला, तोवर यशस्वी शस्त्रक्रियेनंतरही असंख्य रुग्ण जखम चिघळून दगावत. पुढे १८८९-९० च्या हिवाळ्यात अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड यांनी रबरी हातमोजे बनवून घेतले. जंतुनाशक द्रावणाने एका परिचारिकेच्या हातांची आग होत असे, हे त्याचे मूळ कारण. परिचारिकेच्या हातांसाठी आलेले ते मोजे पुढे रुग्णाचे रक्षक ठरले. तेव्हापासून एकदा निर्जंतुक झालेल्या हाताने अन्य वस्तूस शिवायचे नाही, हे शस्त्रक्रियागृहाचे अढळ व्रत झाले.

दुसऱ्या बाजूने चित्रे वाढत गेली. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचे सीटी स्कॅन झाले. आज एकाच तपासणीत शेकडो काप मिळतात. १९९३ मध्ये ‘डायकॉम’ ही सामायिक पद्धती आली आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवरील चित्रे एकाच संगणकावर पाहता येऊ लागली. मात्र ही चित्रे दाखवणाऱ्या प्रणाली घडल्या त्या टेबलाशी बसून माऊस चालवणाऱ्या माणसासाठी. साहजिकच शल्यविशारदाला दुसऱ्याच्या हातावर विसंबावे लागते. “खाली घ्या, आणखी खाली, नाही, थोडे मागे,” असा संवाद सुरू होतो. नेमका कोणता काप हवा हे ज्याच्या मनात आहे त्याच्या हाती माऊस नाही आणि माऊस ज्याच्या हाती आहे त्याच्या मनात तो काप नाही.

स्पर्शाविना संगणक चालवण्याचे प्रयत्न यापूर्वीही झाले. २०१० मध्ये खेळांसाठी बाजारात आलेले ‘कायनेक्ट’ हे हालचाल टिपणारे उपकरण २०१२ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियांच्या वेळी वापरून पाहण्यात आले. शल्यविशारद हवेत हात हलवून चित्रे फिरवू शकले. तथापि पडदा भिंतीवरच राहिला; मान त्याच्याकडे वळवावीच लागे.

मिश्र वास्तव या तंत्राने पुढचे पाऊल टाकले. डोक्यावर घातलेल्या उपकरणातून समोरची खोली दिसत राहते आणि त्याच दृश्यात संगणकाची चौकट तरंगताना दिसते. रुग्णालयाच्या संगणकावरील पडद्याचे चित्र जाळ्यावरून उपकरणात येते. नजर किंवा बोटाची चिमूट यांचे रूपांतर माऊसच्या बाणात आणि टिचकीत होते. मूळ प्रणालीला एवढेच कळते की कोणीतरी माऊस हलवला. तिच्यात काडीचाही बदल करावा लागत नाही.

या पद्धतीचे खरे मोल येथेच आहे. रुग्णालयातील प्रणाली वर्षानुवर्षे पारखलेली असते, कर्मचाऱ्यांच्या अंगवळणी पडलेली असते. ती मोडून नवी आणणे खर्चाचे आणि जोखमीचेही असते. येथे जुने घर तसेच ठेवून केवळ दार सोयीच्या बाजूला उघडले जाते. २०२४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील रुग्णालयात आणि आपल्याकडे चेन्नईच्या जेम रुग्णालयात ‘ॲपल व्हिजन प्रो’ हे उपकरण दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांत वापरण्यात आले. दुर्बिणीचे दृश्य आणि स्कॅनची चित्रे शल्यविशारदाच्या दृष्टीसमोर, हव्या त्या उंचीवर मांडता आली. तासन्‌तास मान वळवून उभ्या राहणाऱ्या माणसाला ही सोय लहान नव्हे.

परंतु नव्याचे स्वागत डोळसपणेच व्हावयास हवे. माऊसच्या टोकासाठी आखलेली बारीक बटणे नजरेने वा चिमटीने दाबताना चूक होऊ शकते. चित्र पुढे-मागे करण्यात चूक झाली तर ती सुधारता येते. रुग्णाची नोंद बदलण्यात झाली तर ती जिवावर बेतू शकते. दुसरा प्रश्न अवधानाचा. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात २४ क्ष-किरणतज्ज्ञांना फुप्फुसाच्या स्कॅनमध्ये गाठी शोधण्यास सांगितले होते. त्या चित्रांत गुपचूप एक गोरिला बसवला होता. २० जणांना तो दिसलाच नाही. डोळ्यांसमोर असणे म्हणजे दिसणे नव्हे. मग दृष्टीसमोर चार चौकटी तरंगत असतील तर जखमेकडचे लक्ष किती उरेल, याचा विचार आधी झाला पाहिजे.

तिसरी गोष्ट परावलंबनाची. ‘होलोलेन्स’च्या पारदर्शक काचेतून, वीज गेली तरी रुग्ण दिसत राहतो, ‘व्हिजन प्रो’ कॅमेऱ्याद्वारे खोली दाखवते, ते बंद पडले की अंधार. आणि अनेक रुग्णालयांनी वापरलेल्या ‘होलोलेन्स २’चे उत्पादन कंपनीने २०२४ मध्ये थांबवलेच. ज्यांनी मूळ प्रणाली आणि भिंतीवरचा पडदा जपला त्यांचे काम अशा वेळी अडत नाही. ज्यांनी सारे काही एकाच उपकरणावर सोपवले त्यांचे अडते.

म्हणून कसोटी साधी असावी. हात निर्जंतुक राहिला काय? नजर रुग्णावर राहिली काय? उपकरण काढून ठेवले तरी शस्त्रक्रिया सुखरूप पूर्ण होईल काय? तिन्ही प्रश्नांना होकार मिळत असेल तर हे तंत्र अवश्य आणावे. एकालाही नकार असेल तर थांबावे. बाहेरच्या बाकावर बसलेल्या कुटुंबाला आत कोणते यंत्र आहे याच्याशी कर्तव्य नसते. आतला माणूस त्यांना सुखरूप परत हवा असतो.